शेवटचा अंक आणि खंड्याची चोच

पहिला फोन आला तेव्हा संपादक स्टुलावर चढून माळ्यावरचे जुने अंक उतरवत होते. त्यांची बायको डोळ्यांत औषध घालून, मान वर करून खुर्चीत बसली होती. त्यामुळे फोन संपादकांच्या आत्याने घेतला. पुढे जे काही झालं ते सगळं त्यामुळे झालं, असं संपादक अजूनही म्हणतात. त्यांच्या बायकोचं मत वेगळं आहे, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त बरोबर आहे.

"मासिक गेलं म्हणे?" पलीकडून एक घोगरा आवाज आला.

"गेलं ना," आत्या म्हणाली. "परवा सकाळीच गेलं."

"अरेरे! अचानकच?"

"अचानक कसलं? आठ दिवस आम्ही तिघं त्याच्याच उशापायथ्याशी होतो. पण या वेळी अगदी शांतपणे गेलं हो. मागच्या खेपेला फार हाल झाले होते."

पलीकडच्या माणसाने हळूच विचारलं, "शेवटी कोण कोण होतं?"

"मी आणि सूनबाई. पोत्यात भरलं, तोंड शिवलं आणि रवाना केलं. दुसरं काय करायचं?"

"धीर धरा," तो माणूस कसाबसा म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

"कोण होतं गं?" संपादकांनी स्टुलावरूनच विचारलं.

"नाव नाही सांगितलं. पण माणूस फार चांगला. मला धीर धरायला सांगितलं."

आत्या बोलत होती ती टपालाबद्दल. अंक छापून आले की पाकिटात घालायचे, पत्ते चिकटवायचे, पोत्यात भरायचे आणि टपाल कचेरीत पोचवायचे, हे खातं तिच्याकडे. त्या मासिकाचं कार्यालय म्हणजे संपादकांच्या घराची पुढची खोली. संपादक लिहायचे, बायको पानं लावायची आणि आत्या उरलेलं सगळं करायची. आसपासच्या डोंगरांवर कुठून चढायचं, कुठली वाट म्हाताऱ्या गुडघ्यांना झेपेल, तलावावर या महिन्यात कोणते पक्षी उतरलेत, कुठल्या ओढ्यात कुणी राडारोडा टाकलाय, असलं सगळं त्यात असायचं. जाहिराती घेत नसत. वाचकांच्या वर्गणीवर आणि वाचकांच्याच लेखांवर ते मासिक सतरा वर्षं चाललं होतं. चाललं होतं म्हणजे कधी धावत, कधी लंगडत, पण थांबलं नव्हतं.

अर्ध्या तासात आणखी चार फोन आले. चारही वेळा आत्याने मासिक परवाच गेल्याचं सांगितलं. सहाव्या खेपेला फोन वाजला नाही, दारच वाजलं. कोपऱ्यावरचा सायकलवाला उभा होता. हाताला काळं वंगण, आणि डोळे लाल.

"संपादक," तो म्हणाला, "एकदा बोलायचं तरी होतंत."

"काय बोलायचं होतं?"

त्याने बगलेतला अंक काढून पहिलं पान पुढे धरलं. संपादकांनी चष्मा पुसला आणि स्वतःचंच निवेदन वाचलं. 'हा आमचा शेवटचा अंक. इतकी वर्षं आपण ज्या मायेने आम्हाला सांभाळलंत, त्याबद्दल आम्ही आपले कायमचे ऋणी आहोत.'

संपादक आत बघून ओरडले. "अगं! अगं, इकडे ये! 'वर्षातला' कुठे गेला?"

"कोण वर्षातला?" बायको डोळे टिपत बाहेर आली.

"'हा आमचा वर्षातला शेवटचा अंक' असं लिहिलं होतं मी! त्यातला 'वर्षातला' कुठंय?"

बायकोने अंक हातात घेतला. तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग हळूहळू लाल झाला. "चोच," ती म्हणाली.

"काय?"

"शेजारी तो खंड्याचा फोटो आहे ना, त्याची चोच ओळीत घुसत होती. फोटो कापू का म्हणून विचारलं, तर तुम्हीच म्हणालात, चोचीला हात लावायचा नाही, पक्षी काय बिनचोचीचा छापणार का? मग मी ओळीतला एक शब्द काढला. 'वर्षातला' काढला आणि चोच बरोबर बसली."

"दुसरा शब्द नव्हता का काढायला?"

"तुमच्या वाक्यात निम्मे शब्द आभाराचे असतात. ते काढले की तुम्ही चिडता!"

सायकलवाला आळीपाळीने दोघांकडे बघत होता. संपादक घाईघाईने त्याला म्हणाले, "अहो, मासिक बंद नाही होत. छपाईची चूक आहे."

सायकलवाल्याने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, वंगणासकट. "मला कळतं, संपादक. मी पण दुकान मोडायची वेळ आली होती तेव्हा सगळ्यांना हेच सांगत होतो. एक करा. अंक वाटायला टपाल कशाला? गावातले सगळे मी सायकलवर पोचवतो. फुकट. फक्त मासिक बंद करू नका." एवढं बोलून तो डोळे पुसत निघून गेला, आणि त्याच्या गालांवर वंगणाचे दोन पट्टे उमटले.

आता दुरुस्ती करणं भाग होतं. वाचकांचे फोन नंबर होतेच. संपादकांनी सगळ्यांना एक निरोप पाठवायचं ठरवलं आणि तासभर बसून तो लिहिला. पण संपादकांचं एक होतं. आभार मानल्याशिवाय त्यांना साधी किराणामालाची चिठ्ठीसुद्धा लिहिता येत नसे. 'सप्रेम नमस्कार,' त्यांनी सुरुवात केली. 'गेली सतरा वर्षं आपण आम्हाला पोटच्या पोरासारखं जपलंत. ही माया आम्ही कधीही विसरणार नाही. आमच्या हातून कळत-नकळत काही चुकलं असल्यास मोठ्या मनाने क्षमा करावी.' असं करत करत ते सोळाव्या ओळीवर 'एक शब्द राहून गेला आहे, मासिक चालूच राहील' इथपर्यंत पोचले. वाचकांच्या फोनवर दिसत होत्या फक्त पहिल्या पाच ओळी. उरलेल्या उघडून वाचायला लागत होत्या, आणि पहिल्या पाचच वाचून लोक डोळे पुसायला लागले, सहावीपर्यंत कुणी गेलंच नाही.

संध्याकाळपर्यंत फोन दुप्पट झाले. बायकोने मग कपाळाला हात लावून जाड पेनाने पुठ्ठ्यावर लिहिलं, 'मासिक चालू आहे', आणि पुठ्ठा दाराला टांगला. तो पहिल्यांदा वाचला भूगोलाच्या बाईंनी.

भूगोलाच्या बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या, पण सुधारण्याच्या कामातून न झालेल्या. दर अंक हातात पडला की आठ दिवसांत त्यांचं कार्ड यायचं. त्यात चुकांची यादी असायची. 'पान सात, उत्तर दिशा चुकली. पान नऊ, ओढा चढावर वाहताना दाखवला आहे.' अकरा वर्षांत एकही कार्ड चुकलं नव्हतं. संपादक त्या कार्डाला मनातून घाबरत. आज मात्र बाई दारातच थांबल्या, त्यांनी पुठ्ठा वाचला आणि पदर डोळ्यांना लावला.

"काय मानी माणसं आहात हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "घरात दुःखाचा डोंगर आणि दारावर पाटी, 'चालू आहे'."

"बाई, खरंच चालू आहे. खंड्याची चोच..."

"नका बोलू काही. आमचे हे सुद्धा शेवटपर्यंत म्हणत होते, मला काही झालेलं नाही." त्यांनी पिशवीतून एक जाडजूड गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. "हे घ्या."

संपादकांनी गठ्ठा सोडला. आत नकाशे होते. मासिकात आजवर आलेल्या एकूण एक वाटांचे, हाताने काढलेले, रंगवलेले. प्रत्येक ओढा उतारावर वाहत होता. प्रत्येक उत्तर उत्तरेला होती.

"तुमचे नकाशे बघवत नसत मला," बाई म्हणाल्या, "म्हणून माझ्यापुरते बरोबर काढून ठेवायचे. आता मासिकच नाही म्हटल्यावर मी ते घरात ठेवून काय करू? आणि हो, रविवारी सकाळी तलावावर तुमचा निरोप समारंभ ठेवलाय. सगळ्यांना कळवून झालंय. तलावखात्याचे साहेब अध्यक्ष आहेत."

संपादकांच्या हातातला नकाशा गळून पडला. "तलावखात्याचे साहेब?"

हे साहेब आणि संपादक यांचं नऊ वर्षं विळ्या-भोपळ्याचं नातं होतं. तलावाच्या पूर्वेला एक उघडा, खडीचा काठ आहे. टिटव्या तिथे उघड्यावरच अंडी घालतात. ती अंडी खड्यांसारखीच दिसतात, आणि लोक मोटारी थेट पाण्यापर्यंत नेतात, धुवायला. तिथे रस्त्यावर एक फाटक बसवा, चालत जाणाऱ्यांना जाऊ द्या, मोटारी अडवा, एवढीच मासिकाची मागणी. नऊ वर्षं दर अंकात ती छापून येत होती, आणि खात्याकडून उत्तर येत होतं, 'विचाराधीन'.

"मी गेले होते त्यांच्याकडे," बाई म्हणाल्या. "स्पष्ट सांगितलं. म्हटलं, नऊ वर्षं तुम्ही त्या मासिकाला झुलवलंत. आता ते चाललंय. जाणाऱ्याची शेवटची इच्छा तरी पुरी करा. साहेब उठून उभे राहिले हो. म्हणाले, बघतो."

बाई गेल्यावर संपादकांनी पडलेला नकाशा उचलला. मग बायको हळूच म्हणाली, "फाटक बसलं तर चांगलंच की. रविवार होऊ दे. सोमवारी सांगू चूक झाली म्हणून."

"म्हणजे खोटं मरण सांगून फाटक मिळवायचं?" संपादक ताडकन उठले. "उद्या लोक म्हणतील, या मासिकात छापलेलं काहीच खरं नसतं. मग कुठली वाट सुरक्षित आणि कुठली निसरडी, हे आपण सांगितलं तर कोण ऐकेल?"

"अरे, टिटवीला कुठे माहीत आहे खरं आणि खोटं?" आत्या म्हणाली.

पण संपादकांना राहवेना. शनिवारी सकाळी ते तडक तलावखात्याच्या कचेरीत गेले. बाहेर शिपाई पेपर वाचत बसला होता. संपादकांना बघून तो उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात जोडले. आजवर तो कधी उभा राहिला नव्हता.

"साहेब आहेत का?"

"वरच्या ऑफिसात गेलेत. तुमच्याच कामाला. जाताना म्हणाले, या माणसाचं काम आता थांबवायचं नाही." शिपायाने खुर्ची पुढे केली. "तुम्ही बसा. पाणी देऊ?"

"मला फक्त एवढंच सांगायचंय की मासिक बंद होत नाहीये."

"नाहीच होणार," शिपाई म्हणाला. "आमच्या मनातून तरी नाही."

रविवारी सकाळी तलावाच्या काठावर इतकी माणसं जमली होती, की संपादकांना वाटलं, कुणीतरी बुडालं असावं. दर महिन्याला मासिकातर्फे पक्षी मोजायला बोलावलं की पाचसहा टाळकी यायची. आज दीडशे तरी होती. काठावरच्या वाटेवर नवंकोरं लोखंडी फाटक उभं होतं, पांढरा आणि हिरवा रंग दिलेलं, बाजूला एक माणूस चालत जाईल एवढी फट ठेवलेलं, आणि त्याला एक भलंमोठं कुलूप लटकत होतं. शेजारी साहेब उभे होते, गंभीर चेहऱ्याने, हातात कागद.

संपादकांना वाटलं होतं, जाताच पहिल्यांदा उभं राहून सांगून टाकू. पण बाईंनी कार्यक्रमाची यादी केली होती, आणि बाईंच्या यादीत कुणाला मागेपुढे होता येत नसे. आधी वाचकांचे दोन शब्द.

एक परिचारिका उठली. म्हणाली, दिवसभर वॉर्डात उभं राहिल्यावर घरी जाऊन ती नुसती भिंतीकडे बघत बसायची. मासिकात 'अर्ध्या तासाची वाट' असं सदर यायचं. त्यातली पहिली वाट ती एक दिवस चालून आली, मग दुसरी, मग सगळ्या. "आता भिंतीकडे बघायला वेळच नाही," ती म्हणाली आणि बसली. लोक हसले.

मग सायकलवाला उठला. त्याने आज हात धुतले होते. "मला बोलता येत नाही," तो म्हणाला. "आयुष्यभर मी लोकांच्या सायकली दुरुस्त केल्या. त्या कुठे जातात ते कधी बघितलं नाही. मग तुमच्या पान बारावर आलं, तलावाची सायकल फेरी, चढ कुठेच नाही. आमचे बाबा तेव्हा चालत नव्हते. त्यांना मागच्या कॅरियरवर उशी बांधून बसवलं आणि इथे आणलं. इथेच, त्या दगडावर बसले होते. तासभर पाण्याकडे बघत बसले, आणि म्हणाले, आधी का नाही आणलंस रे. त्यानंतर महिनाभरच होते. तेवढंच सांगायचं होतं. पान बारा."

संपादक खाली बघत राहिले. सतरा वर्षांत त्यांनी हजारदा आभार मानले होते. ते ऐकून घ्यायची वेळ आपल्यावर आली तर करायचं काय, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. बायकोने त्यांचा हात घट्ट धरला होता. तिच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते औषधाचं नव्हतं.

"आता अध्यक्ष कुलूप लावून किल्ली संपादकांच्या हाती देतील," बाईंनी जाहीर केलं.

साहेब पुढे झाले. संपादकही पुढे झाले. आज आभारांपासून सुरुवात करायची नाही, हे त्यांनी घरून पाठ करून आणलं होतं.

"साहेब, थांबा. कुलूप लावायच्या आधी ऐका. चूक झालीय. मासिक बंद होत नाही. कधी होणारच नव्हतं. हा वर्षातला शेवटचा अंक होता. पानावर खंड्याची चोच मावेना, म्हणून 'वर्षातला' हा शब्द गळला. मी सांगायचा प्रयत्न केला, पण मला सरळ सांगता येत नाही. तुम्ही सगळे इथे आलात ते एका चोचीमुळे आलात. फाटक खोटेपणाने नको. साहेब, तुम्ही ते उद्या काढून नेलंत तरी माझी तक्रार नाही."

लांब पाण्यात एक मासा उसळला तोही ऐकू आला. मग सायकलवाला म्हणाला, "म्हणजे चालू आहे?"

"चालू आहे."

"मग रडतोय कशाला मी!" तो ओरडला, आणि इतक्या जोरात हसला की दोन बगळे उडाले. सगळा काठ हसायला लागला. परिचारिकेने टाळी वाजवली. फक्त भूगोलाच्या बाई हसत नव्हत्या.

"दोन दिवस मला घास गेला नाही," त्या म्हणाल्या. "माझे नकाशे परत द्या."

"देतो, बाई. उद्याच आणून देतो."

बाईंनी जरा विचार केला. "राहू द्या. पण तुम्ही काढलेला एक नकाशा जरी यापुढे छापलात, तर मी वर्गणी बंद करीन."

तेवढ्यात खट्‌ असा आवाज झाला. साहेबांनी कुलूप लावलं होतं. त्यांनी किल्ली संपादकांच्या हातावर ठेवली, वरून त्यांची मूठ मिटली आणि त्यांना हळूच बाजूला घेतलं.

"साहेब, मी आत्ताच सांगितलं ना..."

"तुम्ही आज सांगितलंत. मला अंक आला त्याच दिवशी कळलं होतं."

"कसं काय?"

"शेवटच्या पानावर शब्दकोडं आहे. त्याच्याखाली लिहिलंय, 'उत्तरे पुढच्या अंकात'. मरणारं मासिक कोडं घालून मरत नाही."

"मग तुम्ही बाईंना काही बोलला नाहीत?"

"कशाला बोलू? नऊ वर्षं फाटकाची फाइल मी दर वर्षी वर पाठवतो, आणि दर वर्षी ती 'तातडीचे नाही' असा शेरा घेऊन परत येते. या वेळी बाईंचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, जाणाऱ्याची शेवटची इच्छा. वरच्या साहेबांनी उभ्या उभ्या सही केली. फाटक गोदामात तयारच होतं, रात्रीत बसवलं. मी खोटं काही लिहिलं नाही, अंक जोडला होता. छापलेलं तुमचंच आहे."

"आता त्यांना कळलं म्हणजे?"

"फाटक काढायचं तर पुन्हा फाइल करावी लागेल. ती विचाराधीन राहील. नऊ वर्षं तरी." साहेब पहिल्यांदाच हसले.

संपादकांना भरून आलं. "साहेब, तुमचे आभार कसे..."

"नको!" साहेबांनी घाबरून इकडेतिकडे पाहिलं. "अंकात तर मुळीच नको. तुम्ही आभार मानलेत की लोकांना वाटतं माणूस गेला. उद्या माझ्या घरी लोक भेटायला येतील."

मग त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढला. ते अंकाचं शेवटचं पान होतं, आणि कोड्याची सगळी घरं भरलेली होती, एक सोडून. साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "तुम्हाला काही द्यायचंच असेल तर एवढं सांगा. सात उभा. 'गुडघाभर पाण्यात ध्यान लावून बसणारा', तीन अक्षरं. 'बगळा' घातलं तर जमत नाही, शेवटी 'क' यायला हवा. तीन दिवस डोकं खातंय."

"मला नाही माहीत," संपादक म्हणाले. "कोडं आत्या करते."

दोघं आत्याकडे गेले. ती एका दगडावर बसून, आलेल्या लोकांचे बदललेले पत्ते वहीत लिहून घेत होती. साहेबांनी वाकून, अगदी अदबीने, कागद तिच्यापुढे धरला आणि सात उभ्यावर बोट ठेवलं.

आत्याने आधी कागदाकडे पाहिलं, मग नव्या फाटकाकडे, मग साहेबांकडे.

"फाटक छान झालंय हो," ती म्हणाली. "उत्तर पुढच्या अंकात."